‘दिवस कसा जातो?’ : व्यवसायोपचाराची टीम गावात नेताना

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय माझ्या तोंडी काहींना जरा विचित्र वाटेल. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. रुग्णावर उपचार करण्याचं माझं शिक्षण नाही. पण निवृत्तीनंतर सहा वर्षं मी दर शनिवारी एका टीमच्या बैठकीला जाऊन बसत होते. पश्चिम महाराष्ट्रातला एक तालुका, तीसेक गावं, एक जीप. टीममध्ये तीन व्यवसायोपचारतज्ज्ञ, एक फिजिओथेरपिस्ट, सहा गावकार्यकर्त्या आणि जीपचा ड्रायव्हर. टीमच्या प्रमुख बाई स्वतः व्यवसायोपचारतज्ज्ञ. त्यांनी मला बोलावलं तेव्हा म्हणाल्या, “आम्ही सगळे एकाच पठडीतले. आमचा प्रश्नच चुकला तर कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही बाहेरच्या आहात, तुम्ही विचारा.” संस्थेचं नाव मी घेणार नाही. गोष्टी लोकांच्या घरातल्या आहेत, म्हणून ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

झालं उलटंच. मी त्यांना प्रश्न विचारण्याऐवजी त्यांच्याकडूनच एक प्रश्न शिकून आले. तो प्रश्न म्हणजे, या माणसाचा दिवस कसा जातो? अशा टीमच्या प्रमुखाचं मुख्य काम मला विचाराल, तर ते हा प्रश्न जिवंत ठेवण्याचं आहे. बाकी वेळापत्रक, हिशेब, अहवाल हे सगळं करावं लागतंच. पण हा प्रश्न एकदा मेला की उरलेलं सगळं नीट चालूनही काम फसतं. ते कसं, हे आज सांगायचंय.

‘व्यवसाय’ म्हणजे धंदा नव्हे

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. ऑक्युपेशनल थेरपीचं लघुरूप ओटी. शहरात ओटी म्हटलं की लोकांना ऑपरेशन थिएटर आठवतं, आणि गावात बायका विचारतात, कुणाची ओटी भरायचीय? मराठीत ‘व्यवसायोपचार’ म्हणावं, तर लोकांना वाटतं की हे नोकरी-धंदा मिळवून देणारे असतील. एका आजोबांनी तर थेट किराणा दुकानासाठी कर्ज मागितलं होतं.

पण ‘व्यवसाय’ हा शब्द मुळात फार चांगला आहे. संस्कृतात त्याचा एक जुना अर्थ निश्चय, निर्धार असा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो याच अर्थानं येतो. म्हणजे माणूस मन घालून, ठरवून जे करतो ते. अंघोळ हा व्यवसाय, भाकरी थापणं हा व्यवसाय, नातवाला शाळेत सोडणं हा व्यवसाय, पारावर बसून पत्ते खेळणं हासुद्धा व्यवसाय. दुखण्यामुळे, अपंगत्वामुळे किंवा म्हातारपणामुळे या गोष्टी सुटतात, तेव्हा त्या पुन्हा करता याव्यात म्हणून माणसाला, कामाच्या पद्धतीला किंवा घराला बदलायचं, हा व्यवसायोपचार.

या शास्त्राचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथे १९१७ साली काही मंडळी एकत्र आली आणि त्यांनी या विषयाची पहिली राष्ट्रीय संस्था काढली. त्यांत जॉर्ज बार्टन नावाचे एक वास्तुविशारद होते, जे स्वतःच आजारपणातून आणि अपंगत्वातून गेले होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून या शास्त्राच्या बैठकीत रुग्ण बसलेला आहे. आपल्याकडे हे आणलं कमला निंबकरांनी. जन्मानं अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लंडी, लग्न करून निंबकरांच्या घरी आल्या. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. १९५२ साली जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता, त्यामागे त्यांचीच धडपड. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा अनेकांना माहीत असते, नावामागची बाई माहीत नसते.

आता ही विद्या वाढली रुग्णालयात, आणि आपली माणसं राहतात गावात. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांतले जवळजवळ ६९ टक्के ग्रामीण भागातले होते. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेनं समुदाय-आधारित पुनर्वसनाचा विचार पुढे नेला. २०१० साली त्याची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण असे पाच भाग आहेत. आरोग्य हा पाचातला एक. म्हणजे गावात गेलेल्या टीमला पाचपैकी चार भागांत डॉक्टरकीच्या बाहेरचं काम करायचं असतं. म्हणूनच तिथे प्रमुखाचं काम अवघड होतं. रुग्णालयात भिंती असतात, नियम असतात. घरात सासू-सून असते, चूल असते आणि दारात पायरी असते.

नव्वद गुण आणि बाज

आता एक प्रसंग सांगते. या व्याख्यानाचा कणा म्हणा हवं तर.

एका शनिवारी एक तरुण थेरपिस्ट केस मांडत होती. साठीच्या पुढच्या एक आजी. गावच्या भाषेत उजव्या अंगावरून वारं गेलेलं, म्हणजे पक्षाघात. आठ महिने टीम जात होती. बार्थेल निर्देशांक नावाचं एक मोजमाप असतं, १९६५ पासून जगभर वापरतात. खाणं, अंघोळ, कपडे घालणं, शौच-लघवीवरचा ताबा, बाजेवरून खुर्चीत येणं, चालणं, जिना चढणं अशा दहा बाबी, एकूण गुण शंभर. आजी सुरुवातीला ३५ वर होत्या, आता ९०. मुलगी आनंदानं म्हणाली, “केस बंद करू या.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

प्रमुख बाईंनी विचारलं, “त्यांचा दिवस कसा जातो?”

मुलगी गप्प. पुढच्या शनिवारी तिनं लिहूनच आणलं. सहाला उठतात. आपली आपण अंघोळ करतात. मग बाजेवर बसतात. अकराला जेवण पुढ्यात येतं. मग बाजेवर बसतात. संध्याकाळी टीव्ही. मग निजतात. सगळं स्वतःचं स्वतः करणारी बाई दिवसभर बाजेवर. गुण ९०, आणि दिवस रिकामा.

बार्थेलचा यात दोष नाही. स्वतःच्या देहाची काळजी किती घेता येते एवढंच तो मोजतो. स्वयंपाक, शेत, बाजार, माणसांत मिसळणं यांतलं काहीच त्याच्या दहा बाबींत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली जे वर्गीकरण स्वीकारलं, त्यात शरीराचं कार्य, माणसाची कृती आणि त्याचा सहभाग या गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. हात वर जातो हे शरीराचं कार्य. त्या हातानं वाढता येतं ही कृती. आणि सणाच्या दिवशी पंगतीत वाढायला तुम्हाला बोलावतात, हा सहभाग. पहिलं जमलं की तिसरं आपोआप होत नाही, बरं का. मध्ये अख्खं घर उभं असतं.

मग टीमनं आजींना विचारलं, तुम्हाला काय करावंसं वाटतं? उत्तर आलं, “काही नको, तुमच्या कृपेनं बरं चाललंय.” इथे शिकण्यासारखं आहे. आपल्याकडची म्हातारी माणसं, विशेषतः बायका, इच्छा विचारली की सांगत नाहीत. आयुष्यभर कुणी विचारलेलंच नसतं. या शास्त्रात एक कॅनेडियन पद्धत आहे. माणसानं स्वतःच्या अडचणीची कामं निवडायची, ती किती महत्त्वाची आहेत, किती जमतात आणि त्याबद्दल किती समाधान आहे, याला एक ते दहा गुण द्यायचे. फार चांगली पद्धत आहे. पण आमच्या आजी सगळ्याला दहा देत होत्या, पाहुण्याला नाराज कशाला करायचं म्हणून!

प्रमुख बाईंनी त्या मुलीला सांगितलं, कागद घरी ठेव आणि स्वयंपाकाच्या वेळेला जा. ती जाऊन चुलीपाशी बसली. सून भाकरी करत होती. आजी दारातून बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, “पीठ सैल झालंय.” सून काही बोलली नाही. मुलगी जीपमध्ये येऊन म्हणाली, “मॅडम, सापडलं.”

प्रेमानं काढून घेतलेलं काम

सापडलं खरं, पण मुलगा आडवा आला. म्हणाला, “या वयात, या अवस्थेत आईला चुलीपुढं बसवली तर गाव माझ्या तोंडात शेण घालील.”

हे नीट समजून घ्या. हा मुलगा वाईट नाही. त्यानं आईच्या दवाखान्यासाठी म्हैस विकलेली. आपल्याकडे सेवेचा अर्थच असा झालाय की, तुम्ही बसा, आम्ही करतो. आपण आजारी माणसाच्या हातातलं काम प्रेमानं काढून घेतो, आणि कामाबरोबर त्याची घरातली जागाही काढून घेतो. पीठ सैल झालंय असं म्हणण्याचा अधिकार भाकरी करणाऱ्या बाईला असतो. बाजेवर बसलेल्या बाईनं तेच म्हटलं तर ती कटकट होते.

टीममध्ये दोन तट पडले. फिजिओथेरपिस्ट म्हणाला, घरच्यांची तयारी नाही, चुलीचा धोका आहे, कशाला हात घालायचा? मुलगी म्हणाली, आजींची इच्छा आहे. दोघांचंही खरं. अशा वेळी प्रमुखानं काय करायचं? नियमांच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. ॲरिस्टॉटलनं ‘निकोमाखियन एथिक्स’च्या सहाव्या भागात अशा शहाणपणाला वेगळं नाव दिलंय, फ्रोनेसिस. या विशिष्ट माणसाच्या बाबतीत, या विशिष्ट वेळी काय करणं योग्य हे ओळखण्याचं शहाणपण. तो म्हणतो, तरुण माणूस भूमितीत पारंगत होऊ शकतो, पण हे शहाणपण अनुभवाशिवाय येत नाही. मला वाटतं, टीमप्रमुखाचं पद याचसाठी असतं. तंत्र तरुण मुलांना जास्त चांगलं येतं. निर्णयाची जोखीम कुणीतरी अनुभवी माणसानं खांद्यावर घ्यावी लागते, आणि ती घेताना तरुणांना दिसावी लागते, म्हणजे ते शिकतात.

बाई स्वतः त्या घरी गेल्या. मुलाला ‘परवानगी देता का’ असं विचारलंच नाही. विचारलं, “आजारपणाआधी घरात भांडणं कशावरून व्हायची?” तो हसला. म्हणाला, “भाकरीवरून. कुणाचीच भाकरी आईला पसंत पडायची नाही.” मग बोलणं सुरू झालं. शेवटी त्यानं अट घातली, आठवड्यातून दोनदा आणि सून घरात असतानाच. ती मान्य झाली.

मग खरं व्यवसायोपचाराचं काम. भाकरी करणं म्हणजे काय काय करणं? त्याचे तुकडे पाडले. आजींना जमिनीवर बसून उठता येत नव्हतं, म्हणून चूल वर घेतली. विटा आणि मातीचा ओटा केला, उंची खुर्चीत बसल्यावर आजींच्या कोपराला लागेल अशी. गावातल्या गवंड्यानं एका दिवसात केला. परात फिरू नये म्हणून तिच्याखाली ओलं फडकं. एका हातानं थापता येतं, पण थापलेली भाकरी तव्यावर टाकायला दोन हात लागतात. म्हणून सुरुवात थालीपिठानं केली, कारण ते ओल्या फडक्यावर थापतात आणि फडक्यासकट तव्यावर उलटं करता येतं. तेच तंत्र मग छोट्या भाकरीला लावलं. पदर खोचलेला. पाण्याची कळशी डाव्या हाताशी. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उजव्या हाताची संवेदना तपासली. डोळे मिटायला लावून कापसाचा बोळा फिरवला, गार-गरम पाण्याच्या बाटल्या टेकवल्या. गरम-गार कळत नव्हतं. म्हणून ठरलं की उजवा हात मांडीवरच राहील.

बाईंनी एका कागदावर तीन रकाने आखले. काय बिघडू शकतं, त्यासाठी काय केलंय, कोण लक्ष ठेवणार. घरच्यांना वाचून दाखवला आणि खाली स्वतःची सही केली. त्या मुलीची घेतली नाही.

बिघडलं तेव्हा

सहाव्या आठवड्यात आजींचा हात भाजला. उजवा हात मांडीवरून सरकला, मनगटाच्या वर तव्याची कड लागली, आणि त्यांना कळलंच नाही. सुनेनं बघितलं तेव्हा फोड आला होता. दोन आठवड्यांत बरा झाला, पण फोड तो फोडच.

त्या शनिवारची बैठक माझ्या लक्षात आहे. ती मुलगी रडत होती. फिजिओथेरपिस्ट ‘मी आधीच सांगितलं होतं’ असं तोंडानं म्हणाला नाही, पण खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. संस्थेच्या कार्यालयातून फोन येऊन गेला होता की, यापुढे चुलीची कामं कुणाकडूनही करून घेऊ नका.

मंडळी, टीमचं खरं नेतृत्व अशा एका तासात ठरतं. तिथे प्रमुखानं मुलीवर ढकललं असतं, तर काय झालं असतं? तिनं पुन्हा कधी ‘सापडलं’ म्हटलं नसतं. पुढची वीस वर्षं तिनं हाताचे व्यायाम घेतले असते, गुण मोजले असते आणि केस बंद केल्या असत्या. कुणाला काही इजा झाली नसती. आणि गावोगाव माणसं बाजेवर बसून राहिली असती, त्याची नोंद कुठेच झाली नसती. भाजल्याची नोंद होते, बसून राहिल्याची होत नाही. म्हणून टीम आपोआप बिनधोक कामाकडे घसरते. ही घसरण थांबवणं प्रमुखाचं काम.

बाईंनी तीन गोष्टी केल्या. आधी काय घडलं ते क्रमानं विचारलं, कुणी काय करायला हवं होतं हा विषय बाजूला ठेवून. मग तो कागद काढला आणि म्हणाल्या, “हात मांडीवर राहील असं आपण लिहिलं. पण जो हात कुठे आहे हेच तिला कळत नाही, तो सरकला तर तिला कसं कळणार? ही चूक कागदातली आहे आणि कागदावर सही माझी आहे.” आणि तिसरं, त्याच दुपारी त्या मुलीला बरोबर घेऊन त्या घरी गेल्या आणि आजींची माफी मागितली.

तिथे गेल्यावर बघतात तर सुनेनं गोधडीच्या तुकड्याची कोपरापर्यंत येणारी जाड बाही शिवून ठेवलेली. आजी म्हणाल्या, “चूल काढायला आला असाल तर चहा घेऊन जा.” मुलगा काहीच बोलला नाही. पण विरोधही केला नाही.

ती बाही पुढे टीमनं आणखी काही घरांत वापरली. त्यात एक दुरुस्ती केली. हात सरकू नये म्हणून खुर्चीच्या हाताला बाहीचा पट्टा सैलसा अडकवायचा, एका झटक्यात सुटेल असा. आणि बाईंनी कार्यालयाला सविस्तर लिहून कळवलं की, बंदी नको, तपासणीची पद्धत घ्या, कुणाच्या घरी चूल सुरू करायची हे माझ्या सहीनं ठरेल. त्यांना ते पटायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत इतर घरांतलं काम थांबलं होतं, हेही सांगायला हवं.

प्रत्येकाला सगळं स्वतः करायचं नसतं

आता याची दुसरी बाजू. नाहीतर तुम्हाला वाटेल, सगळ्यांना कामाला जुंपणं म्हणजे व्यवसायोपचार.

एक आबा होते. मणक्याला इजा झालेली, चाकाची खुर्ची. टीमनं ध्येय ठेवलं की अंघोळ स्वतः करता यावी. स्वतः करायला त्यांना दीड तास लागायचा आणि नंतर ते थकून झोपायचे. एके दिवशी म्हणाले, “मला नाही शिकायचं. बायको अंघोळ घालते. मला अकराला पारावर जायचंय.” टीमला ते आळशी वाटले. पण विचार करा, चोवीस तासांतली आपली शक्ती कशावर खर्च करायची हे ठरवणं, हेच तर स्वातंत्र्य.

थांबा, एवढ्यावर संपत नाही. बैठकीत एका गावकार्यकर्तीनं विचारलं, “आणि त्यांच्या बायकोचा दिवस कसा जातो?” तिची कंबर गेली होती. आबांचं स्वातंत्र्य तिच्या कंबरेवर उभं होतं. शेवटी न्हाणीत एक बसकं स्टूल आणि भिंतीला लोखंडी दांडी आली. छातीपर्यंतची अंघोळ आबा करतील, पायांची ती करेल, आणि उचलाउचल बंद. पंचवीस मिनिटांत काम व्हायला लागलं. अकराला पार!

हा प्रश्न विचारणारी बाई दहावी शिकलेली होती. टीममध्ये पदवी नसलेल्या माणसाला बोलायची जागा कोण करून देतं? प्रमुख. आमच्या बैठकीचा नियमच होता की घराबद्दल आधी गावकार्यकर्ती बोलेल, मग तज्ज्ञ. तज्ज्ञ आधी बोलला की बाकीचे फक्त दुजोरा देतात, हा माझा विद्यापीठातलाही अनुभव आहे. कोणतं काम कार्यकर्तीकडे द्यायचं आणि कोणतं नाही, हेही स्पष्ट होतं. ठरलेला सराव करून घेणं, घरातल्या बदलाकडे लक्ष ठेवणं, काही वेगळं दिसलं तर कळवणं हे तिचं. संवेदना तपासणं, धोका ठरवणं, ध्येय बदलणं हे तज्ज्ञाचं. ही रेघ धूसर ठेवली की चूक झाल्यावर खापर नेहमी सगळ्यांत कमी पगाराच्या माणसावर फुटतं.

जीप एकच आहे

शेवटचा मुद्दा न्यायाचा. तीस गावं आणि जीप एक. जवळच्या गावातल्या माणसाला आठवड्याला भेट, डोंगरापलीकडच्याला महिन्याला एक. अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या एका व्याख्यानात प्रश्न टाकला होता, समता म्हणायची तर कशाची? समान भेटी म्हणजे समता का? त्यांचा आग्रह असा की, वस्तू किती वाटल्या हे बघू नका, त्या वस्तूनं माणसाला प्रत्यक्ष काय करता येतं ते बघा. चाकाची खुर्ची दिली आणि दारात दीड फुटाचा उंबरा असला, तर खुर्चीचा आकडा अहवालात जातो आणि माणूस घरातच राहतो.

आमच्या बाईंनी यादी दर तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर लावायला सुरुवात केली. कुणाकडे किती वेळा जायचं आणि का. ‘नाही’ म्हणायचं तर कारणासकट म्हणायचं. काही घरं रागावली. पण यादी मनात ठेवली की ओळखीच्या घरापुढे जीप जास्त वेळा थांबते, हे ड्रायव्हरनंच एकदा सांगितलं होतं. त्याच्या वहीत किलोमीटर लिहिलेले असायचे!

आणि जीप नसतानाही चाललं पाहिजे. त्यासाठी गावाला हाताशी धरावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अनेक ठिकाणी तो पडून राहतो, कारण कुणी मागत नाही. आमच्याकडे एका गावात त्यातून पाराला उतार झाला. मागणीच्या अर्जावर पहिली सही आबांची.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : मी एका जिल्ह्यात अशीच टीम सांभाळतो. वरून आकडे मागतात. किती भेटी, किती साधनं. ‘दिवस कसा जातो’ हे कुठे भरायचं?

उत्तर : आकडे द्या. त्यांचा राग धरू नका, ज्याच्या पैशानं काम चालतं त्याला विचारायचा हक्क आहे. पण स्वतःच्या टीमसाठी एक वेगळी वही ठेवा. प्रत्येक माणसाचं एक पान. पहिल्या भेटीत त्याचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस लिहा, सहा महिन्यांनी पुन्हा लिहा. दोन्ही पानं शेजारी ठेवली की काम झालं की नाही ते कळतं. आणि बैठकीत आजाराच्या नावानं सुरुवात करू नका, त्या पानानं करा. पैसा लागत नाही, फक्त पहिले काही महिने लोक कुरकुरतात.

प्रश्न : आजींचं पुढे काय झालं?

उत्तर : त्या चारेक वर्षं भाकरी करत होत्या. रोज नाही, पण सणावारी नक्की. पुढे दुसरा झटका आला आणि त्यातून त्या उठल्या नाहीत. ती थेरपिस्ट मुलगी आता दुसऱ्या एका तालुक्यात स्वतःची टीम सांभाळते. मध्यंतरी तिचा फोन आला होता. तिच्या हाताखालच्या एका मुलाच्या रुग्णाला लहानशी इजा झालीय, वरून विचारणा आलीय, काय करू म्हणाली. मी म्हटलं, कागदावर सही कुणाची आहे? ती म्हणाली, माझीच आहे. म्हटलं, मग मला कशाला विचारतेस, जा त्या घरी.

थांबते इथे.